काटेरी तारेची जखम

तुम्ही लिहिलंत, काटेरी तार.

गेल्या हिवाळ्यात, हाक्याच्या ओळीत चालताना, आमच्या मर्डोच्या मांडीला सतरा टाके पडले. गुडघ्यापासून जांघेपर्यंत कातडं शिवण उसवावी तसं उघडं पडलं होतं. आणि तुम्ही वनखात्याच्या शहरातल्या उबदार खोलीत बसून लिहिलंत, ‘सदर जखम काटेरी तारेने झाली असण्याची शक्यता अधिक आहे.’ दरीत पाऊल न टाकता. मर्डोचा पाय न बघता. त्याच कागदावर खाली आणखी एक वाक्य ठोकलंत: ‘आपल्या भागात रानडुकरांचा वावर आढळलेला नाही. दरीच्या माथ्यावरील योजनेतील सर्व जनावरे योजना बंद करताना हलवण्यात आली असून त्यांची नोंद पूर्ण आहे.’

योजना तुमचीच होती. सहा वर्षांपूर्वी फर्नाकच्या माथ्यावर कुंपण घातलंत तुम्ही, आत डुकरं सोडलीत तुम्ही. म्हणे ती नेच्याचं रान उकरतील आणि नवी झाडं वर येतील. पाटी लावलीत, फोटो काढलेत. मग तीन हिवाळ्यांमागच्या वादळात पाव मैल कुंपण आडवं झालं आणि तुम्ही येऊन पाटी काढून नेलीत. पाटी तेवढी न विसरता नेलीत.

इशबेल मॅकास्किलने ते पत्र दोनदा वाचलं. ती फर्नाक इस्टेटीची मुख्य राखणदार. शिकारीसाठी फेझंट पक्षी वाढवायचे, रानं राखायची आणि हिवाळ्यात बंदूकवाल्या पाहुण्यांपुढे ते उठवायला हाके लावायचे, यात तिची एकवीस वर्षं गेली. राखणदारांची एक जुनी रीत आहे. मारलेले कावळे आणि अंडीचोर जनावरं कोठीमागच्या तारेवर ओळीने टांगायचे, म्हणजे मालकाला दिसतं की राखणदार झोपा काढत नाही. इशबेलने तुमच्या पत्राला भोक पाडलं आणि त्याच तारेवर, दोन कावळ्यांच्या मधोमध, टांगलं.

“हे कशाला?” मर्डोने विचारलं.

“मुरू दे जरा. ताजं पचत नाही.”

ही ऑक्टोबरातली गोष्ट. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आठ पाहुणे आले. कुणी कुठल्या खुंटीपाशी बंदूक घेऊन उभं राहायचं, त्याचे नंबर सकाळी त्यांनी उचलले, तेव्हा इशबेल अंगणातल्या दगडी बांधावर चढली.

“ऐका. उडतं ते तुमचं. जमिनीवर चालतं त्याच्याकडे बंदूक वळवायची नाही. हरीण नाही, ससा नाही, आणि डुक्कर तर नाहीच नाही. तुमच्या छऱ्यांनी डुक्कर मरत नाही, पिसाळतं. आणि समोरून माझी माणसं येत असतात.”

पाच नंबरवाला पाहुणा हसला. दक्षिणेकडचा माणूस, नवीकोरी टोपी. “डुकरं नाहीत इथे, कारभारी म्हणाले मला.”

“मग तर बरंच झालं. नसलेल्यावर बंदूक उचलायचं कारणच नाही.”

हाकेकरी खो खो हसले. कारभारी ट्रेल हसला नाही. मालक वर्षातून दोनदा येणार, म्हणून इस्टेटीवर शब्द चालायचा तो ट्रेलचा. डुक्कर हा शब्द पाहुण्यांसमोर काढायचा नाही, असं त्याने इशबेलला चारदा बजावलं होतं.

दुपारी एकच्या सुमाराला सलगमाच्या शेतात तिसरा हाका सुरू होता. बारा हाकेकरी काठ्या आपटत ओळीने पुढे सरकत होते आणि फेझंट फडफडत उठत होते. एवढ्यात सलगमाच्या पाल्यातून तो निघाला. एकटा फिरणारा थोराड रानडुक्कर, खांद्याला माणसाच्या कमरेएवढा. कुणाच्या वाटेला गेला नाही. मान खाली घालून सरळ पाच नंबरच्या डावीकडून रानाकडे पळाला. वीस पावलांवरून जाऊ दिला असता तर गेला असता.

पाच नंबरने दोन्ही बार त्याच्यावर काढले.

“लागला! बघितलंत? लागला!” टोपी हवेत.

इशबेल धावत तिथे पोचली. दहिवरावर रक्ताचे थेंब होते, मधूनमधून काळसर, मागच्या अंगाचे. पोटात आणि मांडीत छरे. म्हणजे मरणार नाही. नुसता दुखत राहील, आणि जो समोर येईल त्याला सोडणार नाही. रक्ताची वाट शेतापलीकडच्या काळ्या रानात शिरली होती.

आणि पुढचा हाका काळ्या रानाचाच होता. दिवसातला सगळ्यात मोठा. पाहुणे खास त्याच्यासाठी आलेले.

ट्रेल घड्याळ बघत आला. “गेला तो टेकडीपार. चला, इशबेल. साडेतीनला सूर्य मावळतो. शिट्टी द्या.”

“टेकडीपार नाही गेला. आत आहे.”

“तुम्हाला काय ठाऊक?”

“रक्त आत गेलंय साहेब, बाहेर आलेलं नाही. एवढं तर शाळेतल्या पोरालाही वाचता येतं.”

“मग हाक्याच्या आवाजाने निघून जाईल.”

“मागच्या वर्षी असंच म्हणाला होतात. निघून गेला तो मर्डोच्या मांडीतून गेला.”

ट्रेलने आवाज खाली आणला. तो आवाज खाली आणतो तेव्हाच भ्यायचं असतं, हे दरीत सगळ्यांना ठाऊक आहे. “इशबेल, तुम्ही राहता ते घर या नोकरीबरोबरचं आहे. शिट्टी द्या.”

हाका राखणदाराच्या शिट्टीवर निघतो. ती वाजल्याशिवाय ओळ हलत नाही, मग मालक का उभा असेना. इशबेलच्या गळ्यात ती पितळी शिट्टी होती, तिच्याआधीच्या राखणदाराची, फार्करची. तिने ती काढली आणि ट्रेलच्या पुढे धरली.

“घ्या. तुम्ही वाजवा.”

ट्रेलने खरंच घेतली आणि वाजवली. लांब, नीट वाजवली. बारापैकी कुणी हललं नाही. मर्डो लंगडत बांधापाशी गेला आणि बूड टेकून बसला. त्याच्या शेजारी शीना बसली, मग पोस्टमन, मग सगळेच.

“कारभारीसाहेब,” मर्डो म्हणाला, “वाजवलीत छान. आता पुढे चाला तुम्ही, आम्ही आलोच मागून.”

“याचा परिणाम भोगावा लागेल.”

“मी एक भोगून बसलोय, साहेब. दाखवू? पँट काढावी लागेल.”

शीना फिस्सकन हसली. ट्रेलने शिट्टी खिशात टाकली आणि पाहुण्यांना घेऊन सूप प्यायला गेला.

इशबेल घरी गेली, कपाटातून रायफल काढली, आणि टॅटीला गाडीत घातलं. टॅटी म्हणजे इकडच्या बोलीत बटाटा. आखूड पायांची, राठ केसांची ती कुत्री दिसायचीही तशीच. पण जखमी हरणाचा माग काढायला दरीत तिच्या तोडीचं नाक नव्हतं. परत आली तेव्हा फार्कर काठी टेकत उभा होता. ऐंशीचा म्हातारा, इशबेलचा गुरू.

“पोरी, ओढ्याकडे चल. जखमी जनावर पाण्याकडे उतरतं. साठ वर्षं बघतोय.”

साठ वर्षं म्हातारा हरणं बघत होता, आणि आपण बघतोय ती हरणंच, हे त्यालाही सुचलं नाही, तिलाही नाही. इथला प्रत्येक माणूस हरणाच्या मागे चालत मोठा झालेला. इशबेलने टॅटीला रक्तावर लावलं. टॅटीने नाक खाली घातलं आणि दोरी ताणली ती वर, काट्यांच्या दिशेने. इशबेलने तिला खेचून ओढ्याकडे नेलं. टॅटीने मागे ओढ घेतली. इशबेलने पुन्हा खेचली. “चल गं, लाड पुरे.”

ओढ्याच्या काठाने अर्धा मैल ती आणि फार्कर चालली. वाळूत पाय उमटलेला नाही, दगडावर थेंब नाही. टॅटी चिखलात बसली आणि जांभई दिली.

तेव्हा इशबेलच्या डोक्यात उजेड पडला. उजेड पडायला चाळीस मिनिटं लागली, आणि बाहेरचा तेवढ्यात कमी झाला.

“फार्कर, हे हरीण नाही हो.”

म्हातारा थांबला. त्याने काठीवर दोन्ही हात ठेवले. “नाही,” तो म्हणाला. “हरीण पळतं. हे वाट बघत असेल. चूक माझी, पोरी.”

“टॅटीची सोडून सगळ्यांची. तुम्ही इथेच बसा, वर येऊ नका.”

सव्वातीन वाजले होते. उद्यावर टाकता आलं असतं. ट्रेलने आनंदाने टाकलं असतं. पण उद्या रविवार, काळ्या रानातल्या वाटेने निम्मी वाडी चर्चला जाते. इशबेलने टॅटीला परत पहिल्या रक्तावर नेलं आणि मनापासून माफी मागितली. मर्डो तिथे उभा होता.

“तू कुठे?”

“तुला दोन हात रायफलीला लागतील. दोरी कोण धरणार? तुझा तो पाच नंबर?”

“मर्डो, तुझा पाय…”

“पाय माझा, भांडणही माझं. चल.”

टॅटी सरळ गेली. जराही घोटाळली नाही. नेच्याच्या वाळक्या पानांतून, पडलेल्या बर्चखालून, काळ्या रानाच्या ऐन पोटात, जिथे गोर्सची काटेरी झुडपं माणसाच्या छातीपर्यंत येतात. तिथे गव्हाचं एक पिंप लोळत होतं, पाय वर करून. फेझंटांसाठी ठेवलेलं. इशबेलने ते या मोसमात तीनदा उभं केलं होतं आणि तीनदा भरलं होतं. वाऱ्याने पडत असेल, असं स्वतःला सांगितलं होतं. तिने चारी बाजूंची उकरलेली जमीन पाहिली, आणि आजच्या हाक्याची ओळ कुठून गेली असती तेही पाहिलं. मर्डो, शीना, पोस्टमन. मधली तीन माणसं याच काट्यांत शिरली असती, काठ्या वाजवत, गात.

“मीच पोसला त्याला,” ती पुटपुटली.

“नंतर रड,” मर्डो कुजबुजला. “कुत्री बघ.”

टॅटी ताठ झाली होती. मानेवरचे केस उभे, आवाज नाही.

जखमी डुक्कर काय करतं ते त्या दिवशी इशबेलने पाहिलं. ते थोडं पुढे जातं, वळतं, आणि आपल्याच मागाकडे तोंड करून झोपतं. जो मागावर येईल तो तोंडापाशीच येतो. काटे हलले, ते समोर नाही, डावीकडे, बारा पावलांवर. मग दगड गडगडत यावा तसा तो आला.

इशबेल मागे सरली नाही. सरायला जागाच नव्हती. मागे मर्डो होता, आणि मर्डोला पळता येत नव्हतं. तिने डुकराला जवळ येऊ दिलं. दहा पावलं, आठ. नळीसमोर त्याचं कपाळ आलं तेव्हा सहा उरली होती. बार निघाला. तो गुडघ्यांवर कोसळला आणि तसाच घसरत, माती नांगरत, तिच्या बुटापासून हातभर अंतरावर थांबला. एकदा पाय झाडले, मग नाही.

टॅटी भुंकली ती सगळं संपल्यावर, फुकटचं श्रेय घेणाऱ्यासारखी.

मर्डो वाकला. सुळे चार बोटं लांब होते. त्याने एकावरून अंगठा फिरवला आणि दुसरा हात नकळत स्वतःच्या मांडीवर ठेवला.

“नीट बघून घे, इशबेल,” तो म्हणाला. “ही काटेरी तार.”

दोघं हसली. मर्डोने डुकराचं डोकं वळवलं आणि हसायचा थांबला. “अगं, हे काय?”

उजव्या कानात, केसांच्या गुंत्यात, चिखलाने माखलेला प्लास्टिकचा बिल्ला होता. इशबेलने थुंकी लावून पुसला. पिवळा रंग विटलेला, पण आकडे स्वच्छ: २१४. आणि आकड्यावर तुमची खूण. माथ्यावरच्या पाटीवर होती तीच.

कोठीत डुक्कर टांगलं तेव्हा ट्रेल आला. त्याने बिल्ला पाहिला, दार लावून घेतलं.

“हे बाहेर नको जायला. त्यांच्याशी आपले संबंध आहेत. नवी झाडं लावायची परवानगी त्यांच्याच टेबलावर पडलीय.” त्याने खिशातून शिट्टी काढली. “ही घ्या. आजचं मी विसरतो. तुम्ही तो कान विसरा.”

इशबेलने शिट्टी घेतली, गळ्यात घातली. मग सुरी काढली आणि कान मुळापासून कापला.

“घर एक फेब्रुवारीला खाली करावं लागेल,” ट्रेल म्हणाला.

“करीन. तोपर्यंत मी राखणदार आहे. व्हा बाजूला.”

तिने तारेवरून तुमचं पत्र काढलं. ते मुरलं होतं. कडा पिवळ्या पडलेल्या, एका कोपऱ्यावर कावळ्याचं रक्त. कान मिठात घोळवून डबीत घातला, पत्र वर गुंडाळलं, आणि सोमवारी पोस्टमनच्या हातात दिलं. तोच पोस्टमन, जो ओळीत मधोमध चालणार होता. त्याने पोच घेतल्याशिवाय डबी सोडू नका, असं पुढच्या माणसाला बजावलं. पोच आली. सही तुमच्या टेबलावरची आहे.

त्यालाही आता तेवीस दिवस झाले. काल बर्फ पडलं. माथ्याच्या मोडक्या कुंपणापासून खाली काळ्या रानापर्यंत इशबेलने पावलं मोजली. एक मादी, तिच्यामागे सहा पिल्लं, आणि त्यांना छेदून गेलेली आणखी एका नराची. हाकेकऱ्यांनी ट्रेलला सांगून ठेवलंय, इशबेलच्या शिट्टीशिवाय फर्नाकमध्ये ओळ निघणार नाही, या मोसमात नाही आणि पुढच्याही नाही. ते ट्रेलचं ट्रेल बघेल. तुमचं तुम्ही बघा.

नोंद पूर्ण आहे म्हणालात. मग उघडा ती नोंदवही. दोनशे चौदा नंबरपुढे काय लिहिलंय? त्याच्याबरोबर आणखी किती सोडलीत, आणि किती परत नेलीत? मर्डोच्या मांडीत तार होती की तुमचं जनावर?

कान तुमच्याच टेबलावर आहे. उत्तर द्या.