खुर्च्यांच्या खोलीतलं बायबल

"पुढाऱ्याचं आयुष्य उघड्या पुस्तकासारखं असायला हवं, कुणीही यावं आणि हवं ते पान वाचावं," असं वेंडेल हूक्स्ट्राने ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी पहिल्या वर्षाच्या सात विद्यार्थ्यांना सांगितलं. वाक्य त्याचं स्वतःचं होतं आणि त्याला ते आवडलंही होतं. विद्यार्थ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मग त्यांच्यातल्या एका मुलीने विचारलं, की तू स्वतः सध्या बायबलातलं काय वाचतोयस? वेंडेल म्हणाला, "स्तोत्रं." हे उत्तर त्याने दोन वर्षं वापरून गुळगुळीत केलेलं होतं. स्तोत्रं दीडशे आहेत. नेमकं कितवं, असं सहसा कुणी विचारत नाही.

खरी गोष्ट अशी होती, की त्या दिवशी आपलं बायबल कुठे आहे हे वेंडेलला ठाऊक नव्हतं. त्याहून खरी गोष्ट अशी, की आपल्याला ते ठाऊक नाही, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

विद्यापीठातल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या त्या मंडळाचं नाव 'दीपस्तंभ' होतं. अमेरिकेच्या मधोमध असलेल्या नेब्रास्कातून समुद्र कुठल्याही बाजूला सातशे मैलांच्या आत नाही. ज्याने नाव ठेवलं त्याला मक्याच्या शेतात जहाजं भरकटतील अशी धास्ती असावी. मंडळाचे, वेंडेल धरून, नऊ विद्यार्थी पुढारी होते, आणि त्या नवांवर मार्लीस टीडेमन नावाच्या बाई होत्या. सव्वीस वर्षं त्या हे काम करत होत्या आणि तेवढ्या काळात कशाचंही आश्चर्य वाटणं त्यांनी सोडून दिलं होतं.

पुढाऱ्यांकडून काय अपेक्षा आहे ते मार्लीसबाईंनी फार पूर्वी अर्ध्या कागदावर लिहून ठेवलं होतं. सात नियम होते. गेल्या वसंतात वेंडेलला ते फार ढिले वाटले. ईस्टरच्या सुट्टीत घरचे सगळे हॅम खात असताना त्याने सातांचे चौदा केले. नववा नियम त्याच्या खास अभिमानाचा होता: जो पुढारी सलग सात दिवस सकाळचं बायबलवाचन चुकवेल, त्याने आपणहून मंडळापुढे उभं राहून ते सांगावं आणि आपली जबाबदारी खाली ठेवावी. अकरावा नियम जरा घरगुती होता: दर गुरुवारी सभेच्या एक तास आधी येऊन प्रत्येक पुढाऱ्याने खुर्च्या मांडायला हात लावावा.

मार्लीसबाईंनी चौदाही नियम वाचले, चष्मा नाकावर खाली घेतला आणि विचारलं, हे सगळं तू पाळणार? वेंडेल म्हणाला, प्रभूच्या कृपेने. "मग प्रभूला बरंच काम लागणार," असं म्हणून बाईंनी त्याच्या दहा प्रती काढून आणल्या.

नियम पाळले की नाही याचं दर आठवड्याला एक कार्ड भरायचं असे. चौदा चौकोन, चौदा खुणा. वेंडेल महिन्याच्या पहिल्या रविवारी चारही कार्डं एकदम भरून ठेवत असे. मात्र दोन कार्डं निळ्या पेनाने आणि दोन काळ्या, शिवाय मधूनमधून एखादी खूण वाकडी. आपण फसवतोय हे त्याला कळत होतं. कळतं आहे म्हणजे आपण इतरांपेक्षा प्रामाणिक आहोत, असंही त्याला वाटत होतं. सकाळचं वाचन आपण फोनवर करतो, अशी त्याची समजूत होती. बायबल फोनमध्ये असतंच. पण तिथवर जायच्या वाटेवर फुटबॉलचे निकाल लागतात, आणि वेंडेल शनिवारच्या सामन्यातून पुढे सहसा सरकत नसे.

खेरीज, प्रत्येक पुढाऱ्याला एक जोडीदार नेमून दिलेला होता. त्याने दर आठवड्याला आपल्याला अवघड प्रश्न विचारायचे, आपण खरी उत्तरं द्यायची. वेंडेलचा जोडीदार ब्रँट ओकरलंड. बुधवारी सकाळी दोघं पॅनकेक खायला भेटत. ब्रँट विचारी, "मन कसं आहे, भाऊ?" वेंडेल म्हणे, "झगडतोय, भाऊ." मग वेंडेल विचारी, आणि ब्रँटही झगडत असे. कशाशी, ते दोघांनी कधी काढलं नाही. तोवर पॅनकेकवर ओतायचा पाक एकाने दुसऱ्यापुढे सरकवलेला असे.

यात वेंडेलचं घोडं एकाच ठिकाणी अडलेलं होतं. नोव्हेंबरात मंडळाचं शिबिर भरे आणि शनिवारी एक विद्यार्थी मुख्य संदेश देई. जो संदेश देई तोच पुढच्या वर्षी मंडळाचा मुख्य होई. सव्वीस वर्षं हा पायंडा मोडला नव्हता. वेंडेलला ते पद हवं होतं. झोपेत आणि जागेपणी हवं होतं. पण त्या मंडळात हवं म्हणणाऱ्याला काही मिळत नाही. तिथे अर्ज करायची रीत वेगळी होती: मी त्या लायकीचा नाही, असं चारचौघांत म्हणत राहायचं. वेंडेल ऑगस्टपासून लायकीचा नव्हता. ब्रँट सप्टेंबरापासून. दोघंही एकमेकांवर नजर ठेवून अधिकाधिक नालायक होत चालले होते.

संदेश देणाऱ्याची निवड त्याच आठवड्यात रविवारी दुपारी दोनला व्हायची होती, विद्यार्थी भवनाच्या तळघरातल्या हॉलमध्ये. मार्लीसबाईंनी मोठं पातेलं भरून चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणली होती आणि तिच्याबरोबर, तिकडे आणतातच तसे, दालचिनीचे रोल. दहा खुर्च्या गोलाकार मांडलेल्या होत्या. त्या लॉवेल प्रुइटने मांडल्या होत्या. लॉवेल शेतीची यंत्रं शिकत होता आणि एका सत्रात साधारण चार वाक्यं बोलत असे.

खाणं चालू असताना बाईंनी विचारलं, शिबिरातल्या शनिवारी संदेश कोण देणार. वेंडेलने मान खाली घातली. ब्रँटने त्याच्याहून थोडी जास्त घातली.

तेव्हा कॉरिन स्ट्यूव्ह उभी राहिली. ही गाण्याची बाजू सांभाळत असे आणि तिच्या डोळ्यांना पाणी यायला फार निमित्त लागत नसे. ती म्हणाली, मी हे कुणाला सांगणार नव्हते, पण प्रभू मला गप्प बसू देत नाही. दर गुरुवारी सभा संपली की गिटारची वायर ठेवायला ती खुर्च्यांच्या खोलीत जात असे. त्या अंधाऱ्या खोलीत, रचलेल्या खुर्च्यांवर, सहा आठवडे तिला एक बायबल दिसत होतं. दर आठवड्याला थोडं वेगळ्या जागी. म्हणजे कुणीतरी तिथे नेमाने येत होतं. दार लावून, कुणाला न दिसता प्रार्थना करत होतं, येशूने सांगितली तशी.

मग तिने पिशवीतून ते बायबल काढलं. तपकिरी कातडी बांधणी, खाली सोनेरी अक्षरांत वेंडेल जे. हूक्स्ट्रा. आजीने दिलेलं.

वेंडेलच्या मनात पहिला विचार आला तो असा: अरे, हे इथे होय. दुसरा विचार आला, की आपल्याला आता काहीच करायचं नाही. नुसतं जमिनीकडे बघत राहिलं तरी मुख्यपद चालत घरी येईल. तो तीन-चार सेकंद जमिनीकडे बघत राहिलाही. ते सेकंद त्याला पुढे बरीच वर्षं आठवले. पण समोर आजीने छापून घेतलेली सोनेरी अक्षरं होती, आणि आजी नुसता चष्मा हरवला तरी तो सहा आठवडे शोधत बसणारी बाई होती.

"मी तिथे प्रार्थनेला जात नव्हतो," तो म्हणाला. "मी ते विसरलो होतो. सहा आठवडे. हरवलंय हेही मला कळलं नाही."

वेंडेलला वाटलं, संपलं. मग ब्रँटने नाक ओढलं. "हे बोलायला काय छाती लागते, भाऊ," तो म्हणाला आणि त्याने येऊन वेंडेलच्या खांद्यावर हात ठेवला.

आपला भाव उतरायच्या ऐवजी चढला आहे, हे वेंडेलच्या लक्षात आलं. हे बरोबर नाही, असं वाटून त्याने दोन पेनांची गोष्टही सांगून टाकली. कॉरिनने रुमाल काढला. आणखी एकीने हुंदका देत सांगितलं, की तीही कार्डं बसमध्ये भरते. ब्रँट मागे राहणाऱ्यांतला नव्हता. त्याने आपल्यात फार गर्व आहे अशी कबुली दिली. गर्व हे त्या मंडळातलं सगळ्यांत मानाचं पाप होतं, आणि ब्रँटने ते राखून ठेवलेलं होतं. मग वेंडेलने नवव्या नियमाचा आधार घेऊन, मला पदावरून काढा, असं सांगितलं. हे तो मनापासून म्हणाला. निदान अर्ध्याहून अधिक मनापासून. त्याबरोबर सगळ्यांचं एकमत झालं, की शनिवारी वेंडेलच बोलणार. प्रभूपुढे एवढा मोडून पडलेला माणूस दुसरा मिळणार नाही, असं कॉरिन म्हणाली.

मार्लीसबाई इतका वेळ रोल खात होत्या. त्यांनी बोटं पुसली आणि विचारलं, "पण ते बायबल तिथे गेलं कसं?"

वेंडेलने सांगितलं. सप्टेंबरच्या पहिल्या गुरुवारी तो खुर्च्या मांडायला गेला होता, तेव्हा हातातलं बायबल त्याने खुर्च्यांवर ठेवलं.

"आणि दुसऱ्या गुरुवारी?"

"दुसऱ्या गुरुवारी मी गेलो नाही."

"तिसऱ्या?"

"त्यानंतर मी खुर्च्या मांडायला गेलेलोच नाही," वेंडेल म्हणाला.

यावर कुणाचे डोळे भरून आले नाहीत. कुणी खांद्यावर हात ठेवला नाही. या पापाला काही रूपच नव्हतं. ते ऐकून कुणाला गहिवरून येण्यासारखं नव्हतं. कॉरिनने रुमाल घडी करून ठेवला. ब्रँट आपल्या बुटाची नाडी तपासू लागला. बाईंनी बाजूच्या पिशवीतून कार्डांचा गठ्ठा काढला आणि सावकाश चाळला. अकराव्या चौकोनात नऊच्या नऊ जणांच्या खुणा होत्या, दर आठवड्याला, विविध रंगांत.

"आणखी कोण गेलं नाही?" बाईंनी विचारलं. नाडी तपासणारे आता तिघं झाले होते. "बरं. मग ते पुस्तक दर आठवड्याला हलवत कोण होतं?"

लॉवेलने चमचा वाटीत ठेवला. "मी," तो म्हणाला. "शेवटच्या दोन रांगांच्या खुर्च्या त्याच्याखाली होत्या."

एकशेवीस खुर्च्या, सहा गुरुवार, मांडायच्या आणि पुन्हा उचलायच्या. ब्रँटने न राहवून विचारलं, अरे लेका, मग ह्याला सांगितलं का नाहीस? लॉवेलने या प्रश्नावर प्रामाणिकपणे विचार केला.

"वाटलं, लागलं की येईल न्यायला."

वेंडेलला आयुष्यात अनेक उपदेश ऐकायला मिळाले होते, त्यांतले काही त्याने स्वतःच दिले होते. एवढा छोटा आणि एवढा वर्मी बसणारा त्याने ऐकला नव्हता. आणि वाईट हे, की तो उपदेश नव्हताच. लॉवेलला खरंच तसं वाटलं होतं.

बाईंनी लॉवेलला विचारलं, शनिवारी तू बोलशील का. तो म्हणाला, नको, तिथेही खुर्च्या असतीलच. मग बाईंनी निकाल दिला. शनिवारी कुणीच बोलणार नाही. त्या स्वतः जुने सात नियम वाचून दाखवतील, त्याला चार मिनिटं लागतात, उरलेल्या वेळात झोपावं. मुख्य कोण, ते वसंतात बघू. तोवर नऊही जणांनी गुरुवारी साडेपाचला यावं, कार्ड भरू नये. चौदा नियमांचा कागद त्यांनी उचलला, त्याला दोनदा घडी घातली आणि तो गरम पातेल्याखाली टेबल खराब होऊ नये म्हणून सरकवला. अगदी मापाचा झाला.

मंडळी पांगली. ब्रँट जाताना म्हणाला, "बुधवारी पॅनकेक, भाऊ?" पण मन कसं आहे ते त्याने विचारलं नाही, आणि त्याबद्दल वेंडेलला त्याच्याविषयी पहिल्यांदाच थोडं प्रेम वाटलं.

वेंडेल मागे थांबला. बायबल छातीशी धरून तो खुर्च्यांच्या खोलीच्या दारात उभा राहिला. पद गेलं होतं, आणि चमत्कार असा, की त्याला हलकं वाटत होतं. खरी नम्रता म्हणतात ती हीच, असं त्याच्या मनात आलं. हे पुढे कुठेतरी सांगण्यासारखं आहे, हेही लगेच आलं. मग त्याची लाज वाटली. मग लाज वाटली याचं समाधान वाटलं. या जिन्याला शेवटची पायरी नाही हे त्याला कळून चुकलं. तरी मनातलं बोलल्यावाचून त्याला राहवेना. लॉवेल पाठमोरा, दुमडलेल्या खुर्च्यांची गाडी ओढत मागे मागे येत होता.

"लॉवेल," वेंडेल म्हणाला, "आज मला पहिल्यांदा कळलं, की पुढारी होणं म्हणजे खरं तर—"

"पाय जरा बाजूला घेतोस?" लॉवेल म्हणाला. "चाक अडतंय."