कात्रीला शून्य

"आली बघ. मी कणकेत हात घातला की हिला बरोबर सही आठवते," थोरली जाऊ दाराआड पुटपुटली. दार फळ्यांचं, फटी बोटाएवढ्या. बाहेर शिवणवालीला शब्दन्‌शब्द ऐकू आला. ती मुद्दाम खोकली.

"जाऊबाई, आहात का घरात?"

"ये गं बाई, ये! आत्ता तुझीच आठवण काढली."

शिवणवाली गावच्या निवडणुकीला उभी राहिली ती एका नळापायी. सगळ्या आळीचा नळ गिरणीवाल्याच्या कुंपणात. त्याचा डोळा उघडला की फाटक उघडायचं, तोवर बायका रिकामे हंडे घेऊन धुळीत उभ्या. "नळ आळीच्या तोंडाशी आणीन," एवढंच तिचं भाषण. कात्री तिची निशाणी. समोर गिरणीवालाच उभा. आळीत एकशे चाळीस मतं, नि मोजणीत कात्रीला शून्य.

शून्य ऐकून आळी खवळली. कांद्याच्या वाफ्यात खुरपी राहिली बाजूला, तोंडंच चालली.

"मशीनच खोटं! मी कात्रीचंच दाबलं, लाल दिवा या डोळ्यांनी बघितला."

"माझ्या वेळी तर दोनदा वाजलं."

"अगं, हिचं स्वतःचं मत तरी दिसायला नको का?"

ते मात्र खरं होतं. एवढंच धरून ती बसनं मोठ्या कचेरीत गेली. तिथल्या साहेबांनी आधी पंखा स्वतःकडे वळवला.

"बाई, मशीन चुकत नसतं."

"साहेब, रांगेत पहिली मी होते. स्वतःला दिलेलं मत गेलं कुठं?"

साहेबांनी कागद उलटले. "हं. पहिल्या मतानंतर मशीन बंद पडलं. मग दुसरं लावलं. बाकी सगळी मतं त्यात."

"मग पहिलं उघडून बघा की."

"बघितलं. दोष आढळला नाही."

"बंद पडलं नि दोष नाही?"

"दोष शोधायला मशीन सुरू व्हावं लागतं. ते सुरूच होत नाही." साहेबांनी समजूत घातल्यासारखी मान हलवली. "असं करा. वीस जणांनी सहीनिशी लिहून द्यावं, आम्ही कात्रीला मत दिलं म्हणून. फेरमतदान घेऊ."

वाटेत बसमध्ये तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि मध्येच सोडून दिलं. आळीत येऊन तिनं फक्त सह्यांचं सांगितलं.

त्या दिवसापासून आळीत कुणाचा हात मोकळा म्हणून सापडेना. थोरल्या जाऊचे कणकेत. कोंबडीवाल्या मावशीचा चष्मा नेमका कोंबडीनं फोडला. "तू कागद ठेवून जा गं, मी सावकाश करते," म्हणून ठेवून घेतलेला कागद चार घरं फिरून आला, तेव्हा त्यावर तेलाचा डाग होता, हळदीचं बोट होतं, सही एकही नव्हती. शिव्या मात्र मशीनला रोज ताज्या.

आज जाऊबाईंनी कणकेचे हात वर धरूनच तिला दारापर्यंत पोचवलं. "मशीनला सोडू नकोस हं! आम्ही आहोत पाठीशी."

ती घरी आली तेव्हा नवरा अंगणात कांद्याच्या गोण्या शिवत होता. तिनं कागद शिलाई मशीनवर पसरला, पेन उघडलं.

"अहो, पहिली सही तुम्ही करा. घरचीच असली की बाकीच्या येतील."

त्यानं दाभण गोणीत टोचलं. काढलं. परत त्याच भोकात टोचलं.

"रांगेत माझ्यामागं तुम्हीच होता ना? मशीन बदललेलं बघितलंत ना?"

"बघितलं."

"मग बोलला का नाहीत इतके दिवस?"

"काय बोलू?"

"काय म्हणजे? माझं मत खाल्लं मेल्यानं!"

"खाल्लं ना." त्यानं दाभण खाली ठेवलं. मान वर केली नाही. "गिरणीवाला फाटकात उभं करून एकेकाला विचारत होता, मत कुणाला म्हणून. मला वाटलं, माझ्या एकट्याच्यानं काय होतंय, बाकीचे देतीलच तुला. थोरल्या वहिनींनाही तसंच वाटलं असणार. मावशीलाही."

पेनाचं टोपण तिच्या मुठीत होतं.

"मशीन बिघडलंच होतं गं. पण त्यानं एकच मत खाल्लं, तुझं. बाकीची आम्ही दिलीच नाहीत."