साक्षीदार नळी

पाणी तपासणीच्या त्या प्रयोगशाळेत रोजचं पहिलं काम म्हणजे साक्षीदार तयार करणं. साक्षीदार म्हणजे शुद्ध पाण्याने भरलेली एक परीक्षानळी. तिच्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायचे. मीठ नसेल तर पाणी नितळ राहतं. डोळ्यांना न दिसणारं, विरघळलेलं मीठ असेल तर पांढरा साका धरतो आणि हळूहळू तळाशी बसतो. मग नमुन्याची नळी शेजारी धरायची आणि साक्षीदारात जेवढं पांढरं दिसेल तेवढं नमुन्यातून वजा करायचं. नळी हलवायची ती रबरी बूच लावूनच. अंगठा लावणाऱ्याची म्हातारे सर सगळ्यांदेखत बिनपाण्याने करत. "साक्षीदार खोटं बोलला, की सगळा रिपोर्ट खोटा," असं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

सर वारून नऊ दिवस झाले होते. आणि नऊ दिवस साक्षीदार खोटं बोलत होता.

तेही फक्त नळीताईच्या हातात. तिथे तिला सगळे याच नावाने हाक मारत. दुसऱ्या कुणी थेंब टाकले की नळी स्वच्छ, हिने टाकले की दुधाळ. तिने नळ्या बदलल्या, पाण्याचा कॅन बदलला, थेंबांची नवी बाटली फोडली. सगळं मुसळ केरात.

"ताई, सर रुसलेत तुमच्यावर," शिपाई म्हणाला. ती हसली आणि नळी पुन्हा धुवायला घेतली.

घरीही धड काही नव्हतं. आईचं हृदय अशक्त. डॉक्टरांनी मीठ पार बंद केलं होतं, तरी पायांची सूज वाढतच होती. "सूज अशीच वर चढली तर माझ्या हातात काही राहणार नाही," असं त्यांनी सरळ सांगितलं होतं. आई चोरून मीठ खाते, अशी नळीताईची खात्रीच झाली. तिने बरणी कपाटात घातली आणि किल्ली कमरेला लावली.

"अगं, मी नाही खात. पाणीच खारट लागतंय," आई म्हणाली.

"आई, आपल्याकडे ज्या बोअरचं पाणी येतं तिचा रिपोर्ट मी केलाय. उगाच पाण्यावर ढकलू नकोस."

आईने पेला पुन्हा तोंडाला लावला. म्हाताऱ्या माणसाला असं गप्प करणं फार सोपं असतं.

दहाव्या दिवशी नळीताईने खिडकीच्या उजेडात नळी धरली, थेंब टाकले, बूच लावलं. या वेळी साका तळाशी गेलाच नाही. तो काचेला आतून चिकटत गेला. लांबट गोल. त्यात बारीक वळणदार रेषा. मधोमध एक आडवी चीर.

तिने आपला अंगठा पाहिला. लहानपणी विळीवर कापलेल्या जागी तीच आडवी चीर होती.

तिला तो दिवस आठवला. तीन महिन्यांपूर्वी घरच्या बोअरचा नमुना आला होता. बूच सापडत नव्हतं. ती खारे शेंगदाणे खात होती आणि घाईत तिने त्याच अंगठ्याने साक्षीदाराचं तोंड बंद केलं होतं. सिल्व्हर नायट्रेट लागून अंगठा पुढे आठ दिवस काळा होता. सही करताना सरांनी त्याच्याकडे पाहून विचारलं होतं, "बूच लावलं होतंस ना?"

"हो, सर."

शेंगदाण्यांच्या मिठाने साक्षीदार दुधाळ झाला, तेवढं बोअरच्या पाण्यातून वजा झालं, आणि पाणी गोडं म्हणून त्यांनी विश्वासाने सही केली होती.

तिने पिशवीतली घरून आणलेली पाण्याची बाटली काढली, एका नळीत ते पाणी आणि दुसरीत नवा साक्षीदार भरला, दोन्हींत थेंब टाकले आणि बूच लावून हलवल्या. साक्षीदार नितळ राहिला. घरच्या पाण्यात मात्र दह्यासारखी पांढरी कवडी उतरली.

बोअर बंद करायला सांगून, प्रयोगशाळेच्या साहेबांसमोर आपली चूक कबूल करून ती भर दुपारी घरी धावली. आई स्टुलावर सुजलेले पाय ठेवून बसली होती. हातात त्याच पाण्याचा पेला होता. नळीताईने तो ओढून घेतला, मोरीत ओतला आणि आईच्या पायाशी बसून रडली.

"तू खरं बोलत होतीस. खोटं मी बोलले होते, आई."

आईने तिचा हात हातात घेतला, उलटा केला आणि निरखून पाहिला.

"अगं, अंगठा परत काळा झाला तुझा."

आज तिने प्रत्येक नळीला बूच लावलं होतं.