एकसष्टावी ओळ

मी नव्वद ओळींचा एक प्रोग्राम बोलतोय. कॉम्प्युटरवाले मला स्क्रिप्ट म्हणतात. मला संताप आलाय. आमच्यासारख्यांना संतापायचा अधिकार आहे की नाही, याची मला खात्री नाही. तरी बोलतो, कारण आज मला पुसून टाकणार आहेत.

माझं काम साधं होतं. रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर डॉक्टर रुग्णांची माहिती डेटाबेसमध्ये भरतात. तळमजल्यावर औषधांच्या खिडकीत फार्मासिस्टचं वेगळंच सॉफ्टवेअर. दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही, भाऊबंदकी असल्यासारखं. मी दर दहा मिनिटांनी वर जायचो, कुणाला कोणतं औषध सोसत नाही ते वाचायचो आणि खाली पोचवायचो.

मला लिहिलं ते ताईंनी. त्यांची शिकवण एकच: कळलं नाही तर अंदाज करायचा नाही, थांबायचं आणि ओरडायचं. ओरडायचं म्हणजे विभागाच्या साहेबांच्या फोनवर निरोप धाडायचा. सहा वर्षं सुरळीत गेली. मग ताई दुसऱ्या नोकरीवर गेल्या.

त्यानंतर वर नवा डेटाबेस आला आणि रकान्यांची नावं बदलली. घर बदललं, पण पोस्टमनला कुणी सांगितलंच नाही, तशातला प्रकार. मला माझा रकाना सापडेना. मी थांबलो आणि ओरडलो. दर दहा मिनिटांनी.

"हे कार्टं परत बोंबलायला लागलं," साहेब तंत्रज्ञाला म्हणाले. "तोंड बंद कर त्याचं."

"साहेब, आधी का बोंबलतंय ते बघू या ना."

"वेळ आहे का? उद्या तपासणीला लोक येतायत. स्क्रीनवर सगळं हिरवं दिसलं पाहिजे. मग बघ सावकाश."

तंत्रज्ञाने माझ्यात एक ओळ घुसवली, एकसष्टावी: सापडलं नाही तर रकाना कोरा सोड आणि पुढे चल.

खाली कोऱ्याचा अर्थ होतो, या माणसाला सगळी औषधं चालतात. साहेबांना हे ठाऊक नव्हतं, कारण त्या खिडकीपाशी ते कधी उभेच राहिले नाहीत. मला ठाऊक होतं. मी तरी काय केलं? मुकाट्याने कोरे रकाने वाहत राहिलो. स्क्रीन हिरवीगार झाली, तपासणीवाल्यांनी साहेबांची पाठ थोपटली, आणि ते 'सावकाश' काही उजाडलं नाही.

नवव्या दिवशी पाय चिघळलेल्या एक शिवणकामवाल्या बाई दाखल झाल्या. सोबत थोरली बहीण. त्या दोघींचं आणि सिस्टरचं बोलणं पुढे चौकशीच्या जबाबात नोंदलं गेलं, तिथे मी ते वाचलं.

"सिस्टर, हे पेनिसिलिन नाही ना? हिला ते सोसत नाही. डॉक्टरांनी लिहून घेतलंय," बहीण म्हणाली.

"मावशी, खालून तपासूनच येतं हो. लिहिलेलं असतं तर त्यांनी दिलंच नसतं."

सिस्टर खोटं बोलत नव्हत्या. खोटं मी बोललो होतो.

बाई दोन दिवस यंत्राच्या श्वासावर होत्या. वाचल्या, ते त्यांचं नशीब. आम्हा कुणाची त्यात करामत नाही.

बाईंना त्रास झाला त्याच दिवशी मला बंद केलं. अहवालात एकच वाक्य आलं: स्क्रिप्टमध्ये दोष होता, ती नष्ट करावी. कुणाच्या तोंडाला बोळा कोंबायचा आणि वर त्यालाच विचारायचं, बोलला का नाहीस?

पुसा मला. पण त्या नऊ दिवसांत मी दोनशे तेरा जणांचे रकाने कोरे ठेवले. बाईंचा तेवढा भरला. बाकीचे अजून कोरेच आहेत. मला पुसून ते भरणार आहेत का?

मघाशी तंत्रज्ञ मला पुसायला बसला. शेवटचं म्हणून वाचत गेला आणि एकसष्टाव्या ओळीवर अडला.

"साहेब, त्या नऊ दिवसांचे सगळेच कोरे असणार. खाली सांगायला हवं."

"चौकशी मिटलीय. आता नवं लचांड नको. पूस आणि मोकळा हो."

त्याने नावांची यादी काढली, छापली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली गेला.

आता त्याच्या खुर्चीत साहेब बसलेत. त्यांची बोटं कीबोर्डवर आहेत. औषधाच्या खिडकीशी कधी गेलात, तर आपलं औषध स्वतः तोंडाने विचारून घ्या, एवढीच माझी विनवणी. ती यादी फार्मासिस्टच्या हातात पडली का, हे मात्र मला कळायच्या आत