वरचे भिंग, खालचे भिंग

मी एक चष्मा आहे. काळ्या, जाड फ्रेमचा आणि दुहेरी भिंगाचा. माझ्या वरच्या भागातून दूरचे दिसते, खालच्या भागातून जवळचे. मी दाखवतो एवढेच; पाहणे माणसाच्या हाती असते.

एकोणीसशे पंच्याहत्तर साली दौंडच्या बाजारपेठेत एका दुकानात माझी भिंगे फ्रेममध्ये बसली आणि त्याच दिवशी बन्सीआप्पांनी मला नाकावर चढवले. आप्पा दौंड स्टेशनच्या पार्सल कचेरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या गाठोड्यांच्या नोंदी केल्या. आता आपले काही लिहावे, लेखक म्हणून ओळखले जावे, एवढीच त्यांची इच्छा होती. पत्नी भागुबाईंसह ते निमोण्याला, आपल्या गावी परतले आणि खिडकीपाशी टेबल मांडून बसले.

"दिसभर कागदाकडं बघताय," भागुबाई म्हणत. "वरची काच कशाला घेतली? अर्धीच आणायची, स्वस्तात पडली असती."

आप्पा हसत, मान मात्र खालीच राही.

वर्षभरात सात लेख पुण्याच्या एका साप्ताहिकाकडे गेले आणि सातही परत आले. आठवा छापला गेला. तो शिवारातल्या पाखरांवर होता. सोबत संपादकांचे पत्र आले. आपण स्वतः पाहून लिहिता हे विशेष आहे, असे त्यांनी लिहिले होते. 'मी पाहिलेले' या नावाने दर पंधरवड्याला सदर लिहाल का, असेही विचारले होते. आप्पांनी ते पत्र इतक्यांदा उघडले की त्याच्या घड्या विरल्या.

त्या लेखातले एकही पाखरू माझ्या वरच्या भिंगातून गेले नव्हते. सारे टेबलाशी बसून, लहानपणी ऐकलेले आठवून लिहिलेले होते. त्यात एक वाक्य असे होते: 'टिटवी पाय आभाळाकडे करून निजते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.'

अंक गावात आला. पारावर वाचन झाले. शेजारचे शेतकरी सोपानराव शेवटपर्यंत ऐकत बसले होते.

"लई झ्याक लिवलंय, आप्पा," ते म्हणाले. "पर एक इचारू? ही टिटवी तंगड्या वर करून निजल्याली कवा बघितली तुमी?"

"लोक म्हणतात की तसं."

"लोक म्हंत्यात ते मलाबी ठावं हाय. हितं तुमच्या डोळ्यांचं छापलंय. चाळीस वर्सं रातीची पान्याची दारं धरतोय मी, मला न्हाई दिसली. एक डाव मलाबी दावा की!"

पार हसला. आप्पाही हसले; पण माझ्या काचा त्यांच्या घामाच्या वाफेने धूसर झाल्या.

रोज सकाळी आप्पा मला काढून तथागतांच्या तसबिरीपुढे ठेवत आणि पंचशील म्हणत. दुसऱ्या दिवशी म्हणता म्हणता चौथे शील आले. खोटे बोलणार नाही, असे ते शील आहे. तिथे त्यांचा आवाज थांबला.

"का थांबलात?" भागुबाईंनी विचारले.

आप्पांनी सारे सांगितले. संपादकांना कळवले तर सदर जाईल, आणि न कळवले तर पुण्यात कुणाला पत्ता लागणार नाही, हेही सांगितले.

"मला लागलाय की," भागुबाई म्हणाल्या. "कळवून टाका. न्हाई छापलं तर मला वाचून दावा. मी ऐकंन."

आप्पांनी लगेच पत्र लिहिले नाही. आधी सोपानरावांच्या पडीक वावराच्या बांधावर जाऊन बसले. एप्रिलचे ऊन होते. पहिले दोन दिवस टिटवीने आम्हाला पाहून नुसता आरडाओरडा केला. तिसऱ्या दिवशी तिने आम्हाला बांधाचाच दगड मानले असावे.

ढेकळांत तिची चार अंडी होती, मातीच्याच रंगाची. उन्हाचा कडाका वाढला, तशी ती उठली आणि पिवळ्या पायांनी पाटाकडे गेली. पाण्यात बसून तिने पोटाची पिसे भिजवली. मग धावत परत आली आणि ते ओले पोट अंड्यांवर टेकवून बसली. त्या दुपारी ती चार वेळा गेली आणि चार वेळा आली.

आप्पांनी मला काढून डोळे पुसले. पुन्हा घातले. हे त्यांना कुणी सांगितलेले नव्हते.

त्या संध्याकाळी त्यांनी दोन कागद लिहिले. एकावर चूक होती: 'मी पाहिले असे लिहिले, मी पाहिले नव्हते.' दुसऱ्यावर भिजल्या पोटाची टिटवी होती. दोन्ही एकाच पाकिटात गेले.

उत्तर तीन आठवड्यांनी आले. चुकीची कबुली छापत आहोत. सदराचा विचार रद्द केला आहे. टिटवीची हकिकत घेतली आहे. पुढे पाठवाल तो प्रत्येक लेख तपासून मग ठरवू.

"गेलं म्हना की सदर," भागुबाई म्हणाल्या.

"गेलं," आप्पा म्हणाले, आणि दुसऱ्या सकाळी पंचशील न अडखळता पुरे झाले.

या गोष्टीला तीन वर्षे झाली. एवढ्या काळात अकरा लेख छापले गेले. फार नाहीत; पण प्रत्येकावर जागा, तारीख आणि वेळ आहे. माझ्या डाव्या भिंगावर चरा पडला आहे, उजवी काडी दोऱ्याने बांधली आहे. आप्पांचा नंबर वाढला आहे. येत्या आठवड्यात दौंडला नवा चष्मा होईल आणि मी डबीत विसावेन. मला खंत नाही. वाचकहो, नजर ही उसनी मिळत नाही. चष्मा कितीही भारी घ्या, मान तुम्हालाच वर करावी लागेल.

कालच आप्पा ओढ्याकाठच्या बाभळीखाली दोन तास बसून होते. झाडाच्या दाटीत कुठलेसे पाखरू गोड आवाजात बोलत होते. मी फांदीन् फांदी दाखवली. घरी येऊन त्यांनी वहीत लिहिले: 'आवाज ऐकला. पक्षी दिसला नाही.'