शांततेची राखण

ॲम्ब्रोज दर रविवारी सभेत उठून बोलायचा. एवढाच त्याचा गुन्हा.

आम्ही क्वेकर, ख्रिस्ती लोकांतला एक छोटा पंथ. आमच्याकडे पाद्री नाही, भजनं नाहीत. चौकोनात मांडलेले बाक आणि तासभराची शांतता, झालं. त्या शांततेत ज्याला आतून कोणी ढकलल्यासारखं वाटेल, त्याने उठावं, चार वाक्यं बोलावीत, बसावं. ढकलणारा देव असतो असं आम्ही मानतो. ॲम्ब्रोजला देव जरा जास्तच ढकलायचा, आणि तेही कोबीबद्दल बोलायला. आयुष्यभर त्याने थॉर्नबेकहून वर डोंगरातल्या गावांपर्यंत बस चालवली होती. बसमध्ये कोंबडी घेऊन चढलेली म्हातारी, बर्फात अडकलेली वरात, त्याच्या वाफ्यातला कोबी, काहीही निघायचं. पण कुठूनही निघाला तरी गाडी शेवटी आयव्हीच्या हातावर येऊन थांबायची. आयव्ही त्याची बायको. हॉस्पिटलात शेवटच्या रात्री तिचा हात त्याच्या हातात कसा हलका होत गेला, ते सांगायचा आणि खाली बसायचा. मला ते तोंडपाठ होतं. तरी दर वेळी मला रुमाल लागायचा.

हिलरी फॉदरगिलला लागायचा नाही. ही निवृत्त प्राध्यापिका दक्षिणेतून आमच्याकडे राहायला आली, एक जुनं कोठार घेऊन त्याला काचेच्या भिंती लावल्या, आणि दोन वर्षांत आमची एल्डर झाली. एल्डरचं काम शांततेची राखण करणं. कोणी भरकटलं तर त्याला सावरायचं, आणि तास संपला की शेजाऱ्याशी हात मिळवायचा. तो हात मिळाला की सभा संपली. त्याआधी कोणी जागचं हलत नाही.

त्या वसंतात हिलरीने कसलासा ऑनलाइन अभ्यासक्रम केला, ‘सखोल मौन’ नावाचा, आणि तेव्हापासून आमच्या सभेला खोली नाही असं तिला दिसायला लागलं. खोली कोणामुळे नाही, हे तिने कधी नाव घेऊन सांगितलं नाही. आमच्यात नावं घेत नाहीत.

एका शनिवारी ती जाइल्सला घेऊन ॲम्ब्रोजच्या घरी आली. जाइल्स दुसरा एल्डर. मान हलवणं हे त्याचं मुख्य काम. मी शेजारीण, ॲम्ब्रोजचं सामान आणून द्यायला गेले होते, म्हणून समोरच सापडले. हिलरीने लिंबाचा केक आणला होता.

“ॲम्ब्रोज, आम्ही प्रेमापोटी आलोय,” ती म्हणाली.

आमच्यात कोणी प्रेमापोटी आलं की समजावं, आता आपली धडगत नाही.

“बसा ना,” ॲम्ब्रोज म्हणाला. “दूध घालू चहात?”

“तू सभेत जे बोलतोस ते फार मोलाचं आहे. तुझ्यासाठी. पण तो आवाज देवाच्या, आतल्या उजेडाचा आहे की फक्त एकटेपणाचा, हे कधी तपासून पाहिलंयस का?”

ॲम्ब्रोज किटली धरून तसाच उभा राहिला. “ते कसं तपासतात?”

“गप्प राहून,” हिलरी म्हणाली. जाइल्सने मान हलवली.

“म्हणजे मी बोलूच नको?”

“तसं कोण म्हणतंय? प्रत्येकात देवाचा अंश आहे. एवढंच की पुढे कधी आम्हाला वाटलं की तू भरकटतोयस, तर आम्ही दोघं नुसते उभे राहू. काही बोलणार नाही. तू ओळखायचं आणि बसायचं. जुनी रीत आहे आपली.”

“त्यापेक्षा त्याच्या तोंडात बोळाच कोंब ना,” मी म्हणाले. “केक आणलाच आहेस.”

“डोरीन, तुझा राग मी उजेडात धरते,” हिलरी म्हणाली. आमच्यात प्रार्थना करण्याला असं म्हणतात, पण तिचं हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

ॲम्ब्रोज मात्र हसला. “असू दे गं. बसमध्ये घंटी वाजली की थांबायचं. तेच केलं मी जन्मभर. त्यात काय एवढं.”

पुढच्या रविवारी तो बोलला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. हात मांडीवर ठेवून शाळेतल्या शिक्षा झालेल्या पोरासारखा बसायचा. चहाच्या वेळी लोक म्हणायचे, हल्ली सभा किती खोल जाते नाही. हिलरी नम्रपणे बशीकडे बघायची.

सप्टेंबरातल्या त्या रविवारी मुलांचा वर्ग माझ्याकडे होता. मुलं बाजूच्या खोलीत चित्रं काढतात आणि शेवटची दहा मिनिटं मोठ्यांत येऊन बसतात. आत काय घडलं ते मला नंतर मार्टिनने सांगितलं. मार्टिन आमच्या सभेचा कारभारी, ठराव लिहिणारा. गाडीच्या बॉनेटवर हात टेकून तो रडत होता.

तास नुकता सुरू झाला होता. ॲम्ब्रोज समोरचा बाक धरून उठला. “मित्रांनो,” म्हणाला, “माझा हात...” आणि थांबला. सगळ्यांना वाटलं, आली आयव्ही. हिलरी उभी राहिली. मग जाइल्स उभा राहिला. ॲम्ब्रोज पुन्हा म्हणाला, “हात...” आणि त्या दोघांकडे बघितलं. मग म्हणाला, “माफ करा.” आणि बसला.

त्याने माफी मागितली. मार्टिन हे मला पुन:पुन्हा सांगत होता.

मग पाऊण तास ते सगळे त्याच्यासोबत गप्प बसले. कोणी डोळे मिटून, कोणी खिडकीबाहेर बघत. मी मुलांना घेऊन आत आले तेव्हा ॲम्ब्रोज भिंतीला कलला होता, ओठांचा एक कोपरा खाली ओघळला होता आणि लाळ कॉलरवर आली होती. मी त्याचं नाव घेऊन ओरडले. कोणीतरी, कोण ते मला अजून कळलेलं नाही, मला म्हणालं, “श्श.”

डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत गुठळी. लवकर आणलं असतं तर बरंच वाचलं असतं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कळतं सगळं, शब्द येत नाही. डावा हात चांगला आहे.

जानेवारीत तो घरी आला. पहिल्याच रविवारी त्याने डाव्या हाताने खुंटीवरच्या कोटाकडे बोट केलं. मी म्हणाले, “कशाला त्या ढोंग्यांत?” बोट हलेना. मग चाकाची खुर्ची ढकलत त्याला नेलं.

तेव्हापासून तो दर रविवारी तिथे बसतो आणि लोक वाकून त्याचा खांदा दाबतात. एकदा जाइल्सने चक्क तोंड उघडलं. म्हणाला, “ॲम्ब्रोजच्या मौनात किती शांती आहे.” मी त्याच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. तो तसाच प्यायला.

पण हिलरीची झोप उडाली होती. तिला माफी हवी होती, आणि तीही रीतसर. मार्चच्या कामकाजाच्या सभेत तिने विषय ठेवला. आमच्यात मतदान नसतं. कारभारी सभेचा कौल ओळखतो, ठराव लिहितो, वाचतो आणि विचारतो, “मित्रहो, मान्य?” आम्ही ‘हो’ म्हणत नाही. ‘आशा आहे’ म्हणतो. देवाच्या मनातलं आपल्याला पक्कं कसं ठाऊक असणार, म्हणून.

मार्टिनने कागदाकडे बघत वाचलं, “आपल्या मित्राच्या आजाराच्या प्रसंगी जे घडलं त्याचं दु:ख आपण वाहतो, आणि आज आपण सर्व एकमेकांशी शांतीने आहोत असं आपल्याला आढळतं.”

“त्याला आढळतं का ते विचारा,” मी म्हणाले.

हिलरी उठली आणि ॲम्ब्रोजच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली. “ॲम्ब्रोज, तुझ्या मनात आमच्याबद्दल काही नाही ना?”

ॲम्ब्रोज तिच्याकडे बघत राहिला. हिलरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

“त्याने उत्तर दिलं,” ती हळूच म्हणाली. “शांततेतून.”

“बाई, त्याला बोलता येत नाही,” मी म्हणाले. आमच्यात कोणाला बाई म्हणत नाहीत, सगळे मित्र. मी मुद्दाम म्हणाले.

“मित्रहो, मान्य?” मार्टिनने विचारलं. त्याचा आवाज चिरकला होता.

“आशा आहे,” बाकांवरून पुटपुट आली. झालं. माणसाची वाचा घेतली, आणि त्याच्या गप्प बसण्याखाली आपली सुटका लिहून घेतली.

शेवटी थोडी शांतता आणि मग हात मिळवणं राहिलं होतं. हिलरी ॲम्ब्रोजच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसली. वेळ झाली. तिने वळून हात पुढे केला. विचार करून डावा केला होता.

ॲम्ब्रोजचा डावा हात मांडीवर होता. तिथेच राहिला.

हिलरी थांबली. तिला वाटलं असेल, त्याला दिसलं नाही. हात आणखी पुढे केला. ॲम्ब्रोजने हाताकडे बघितलं, मग तिच्याकडे. सगळ्या बाकांवरची डोकी वर आली. स्वयंपाकघरात किटली उकळून वाजायला लागली आणि ती बंद करायला कोणी उठेना, कारण सभा संपली नव्हती.

“ॲम्ब्रोज,” हिलरी म्हणाली, “मला कसं कळणार होतं? तू नेहमी तेच सांगायचास, आयव्हीचा हात, आयव्हीचा हात, मी फक्त सभेसाठी...”

ॲम्ब्रोजने समोरचा बाक धरला. मी मदतीला पुढे झाले, तसं त्याने डोळ्यांनी मला थांबवलं. डाव्या हातावर, डाव्या पायावर, सगळं अंग थरथरत तो उठला. सरळ उभा राहिला आणि तिच्याकडे बघत राहिला.

हिलरी वाक्याच्या मध्यातच थांबली. रीत तिला ठाऊक होती. तिनेच शिकवली होती.

“माफ कर,” ती म्हणाली आणि तोंड मिटलं.

मग तो खुर्चीत बसला. हात परत मांडीवर ठेवला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. हिलरीचा हात अजून हवेत होता, आणि तो मागे घ्यावा तरी कसा हे तिला कळत नव्हतं. जाइल्सने मान हलवली नाही. किटलीतलं पाणी आटून तळ करपल्याचा वास आला. आम्ही सगळे बसून होतो.