सरावाचा बोगदा

मित्रांनो, दचकू नका. मी एमआरआयचं खरं यंत्र नाही, त्याचा एक जुना लाकडी नमुना आहे. इस्पितळाच्या सुताराने प्लायवूड वाकवून मला घडवलं. मध्ये बोगदा, त्यात सरकणारी फळी आणि कानाशी एक टेपरेकॉर्डर. खऱ्या यंत्राची ठकठक त्यात भरून ठेवली आहे. ते यंत्र शेजारच्या खोलीत असतं. तिथे जाण्याआधी मुलांनी माझ्यात झोपून सराव करायचा, एवढंच माझं काम. सुरुवातीला काय कौतुक झालं माझं! मोठे डॉक्टरसुद्धा मुद्दाम बघायला आले. आता रंग उडालाय, फळी कुरकुरते, आणि सुटीच्या दिवशी सफाईवाले माझ्यात बादल्या ठेवतात. ठेवू देत बापडे.

मध्यंतरी एक सहा वर्षांची मुलगी आली. घरी तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. सारखं डोकं दुखायचं म्हणून आतले फोटो काढायचे होते. त्यासाठी वीस मिनिटं अजिबात हलायचं नाही. सर्दीमुळे तिला झोपेचं औषध देता येत नव्हतं, आणि फोटोंवाचून डॉक्टरांचे उपचार अडले होते.

तिला माझ्यात झोपवून सिस्टरनी टेप लावली मात्र, भिंगरी सरपटत थेट बाहेर!

“बाबा, तू खोटारडा आहेस! आवाज येत नाही म्हणालास. दोन मिनिटांत होतं म्हणालास!”

बाबा ट्रक चालवायचा. एवढा धिप्पाड माणूस, पण मान खाली घालून उभा राहिला. “अगं, तू घाबरशील म्हणून...”

मला असा राग आला! खोटंच सांगायचं तर मी इथे कशाला उभा आहे?

सिस्टर म्हणाल्या, “दादा, आता तुम्हीच झोपा बरं आत.”

झोपला बिचारा. पोट काठाला घासलं, माझी फळी कळवळली. ठकठक सुरू झाली आणि त्याची छाती धडधडायला लागली. ती धडधड मला लाकडातून कळत होती.

“भिंगरे,” तो आतून म्हणाला, “खरं सांगू? आवाज फार मोठा आहे गं. मलाही भीती वाटतेय.”

ती जवळ आली. त्याच्या पायाचा अंगठा तिने घट्ट धरला. “हलू नकोस हं, बाबा. मी आहे ना.”

मग ती स्वतःहून माझ्यात झोपली. “दुखतं का?” तिने सिस्टरना विचारलं. “नाही. पण वीस मिनिटं लागतात, आणि कंटाळा येतो.” “चालेल,” भिंगरी म्हणाली.

किल्ल्या, पट्टा, सगळं बाहेर ठेवून बाबाही तिच्यासोबत खऱ्या खोलीत गेला. भिंतीपलीकडची ठकठक मी जीव मुठीत धरून ऐकत होतो. अखेर दार उघडलं. “पोरगी एकदाही हलली नाही हो!” यंत्र चालवणारे काका सांगत सुटले.

मित्रांनो, मला नवा रंग दिला नाहीत तरी चालेल. पण मोठे झालात की तुमच्या लहानग्यांना फसवू नका. त्यांना खरं सोसतं, हे मी रोज बघतो.

निघताना भिंगरीने विचारलं, “आता माझं डोकं बरं होईल ना?”

‘होणारच!’ हे बाबाच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं आणि तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

“मला अजून माहीत नाही, बाळा. पण जे कळेल, ते तुलाही सांगीन.”

तिने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. “बरं,” ती म्हणाली, आणि तिने त्याचा हात धरला.